मधला कोनाडा

खैरून,

तुझी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. मुंबईची, तळेगावची माणसं जेवून पांगली. तुझी सून रशीदा म्हणाली, "मावशी, तुमी दोन दिस ऱ्हावा, घर लय मोकळं वाटतंय." म्हणून राहिले. आता तुझ्याच ओट्यावर, तुझ्याच बाजेवर बसून हे लिहिते आहे. समोर इंदुरीचा किल्ला दिसतो, त्याच्या पलीकडे इंद्रायणी. आणि बुरुजाच्या कडेवरून तुझी पणती सना चालते आहे, दोन्ही हात पसरून, एकापुढे एक पाऊल टाकत. तिच्या दोघी मैत्रिणी खाली उभ्या राहून टाळ्या पिटताहेत.  हाक मारावी तर दचकून पाय चुकेल, न मारावी तर बघवत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "चालू दे की, यमे. पडंल तवा बघू." तुझं हे 'तवा बघू' मला कधी मानवलं नाही.

उतरली एकदाची. आता पुढे लिहिते.

तू गेलीस त्या दिवशी तुला न्हाऊ घालून बायका बाहेर आल्या तेव्हा मी इथंच बसले होते. रशीदानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मावशी, म्हातारीच्या पाठीवर, खांद्याच्या खाली येवढा लांब डाग हाय. हिंडती-फिरती व्हती तवर सोताच्या हातानं न्हायली, अंथरुनावरबी आमाला पाठ दिसू दिली न्हाई. कशाचा वो?"

मी म्हणाले, "लहानपणी करवंदीच्या जाळीत पडली होती."

सना दाराला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "करवंदीनं येवढं फाटतं व्हय?"

 ते उत्तर माझं नव्हतंच, तुझं होतं. तुझ्या आईला तू तेच दिलं होतंस, नवऱ्याला तेच, डॉक्टरलाही तेच. आणि एवढी वर्षं तू ते देत राहिलीस, कारण मी तुला माझ्या गळ्याची शपथ घातली होती. बाकीची पोरं सकाळी शपथ घालायची आणि संध्याकाळी 'सुटली' म्हणून मोकळं करायची. मी कधी 'सुटली' म्हटलं नाही. माझ्या लग्नात मी हळदीच्या अंगानं बसले होते, तर तू बायकांच्या गर्दीतून वाट काढत आलीस आणि कानाशी तोंड नेऊन म्हणालीस, "आता तरी सुटली म्हण की गं." मला वाटलं काहीतरी आशीर्वादाचं बोलशील. मी नाही म्हणून मान हलवली. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, नवरी लाजली.

तू म्हणायचीस मी भित्री. होतेच. आहेच. पण ते भित्रेपण कुठून आलं ते आपल्या दोघींखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आता तर मला एकटीलाच ठाऊक आहे. ते मला सोसवत नाही, खैरून. म्हणून लिहिते आहे.

खंडाळ्याला आपल्या दोन घरांत एक कुडाची भिंत होती. आमचं घर शेतकऱ्याचं, चार खाचरं आणि म्हशी. तुमची फुटाण्या-कुरमुऱ्यांची भट्टी. तुझ्या आईनं घमेल्यात वाळू परतायला घेतली की आमच्या चुलीपाशी वास यायचा आणि मी कुडाच्या फटीतून हात पुढे करायची. तू मूठभर द्यायचीस, पण त्यातले चार आधी स्वतःच्या तोंडात टाकून. उन्हाळ्यात आपण दोघी करवंदं, जांभळं काढून पानांच्या द्रोणांतून स्टेशनावर विकायला न्यायचो. रस्त्यानं लांब पडायचं. रुळाच्या कडेनं जवळ. आणि रुळाच्या वाटेवर तो बोगदा.

कुणी शिकवलं होतं गं आपल्याला ते? मला आठवत नाही. बहुतेक तूच काढलं असशील, असल्या गोष्टी तूच काढायचीस. 'काळोखी' म्हणायचो आपण त्या खेळाला. एकीनं हातात डहाळी घेऊन बोगद्यात शिरायचं, भिंतीला हात लावत मधल्या कोनाड्यापर्यंत जायचं आणि डहाळी तिथं ठेवून परत यायचं. मग दुसरीनं जाऊन ती घेऊन यायची. गाडी आली तर लाइनीवरच्या माणसाला अंग चोरून उभं राहता यावं म्हणून भिंतीत ते कोनाडे केलेले. एका माणसाच्या मापाचे. बाहेर थांबणारीनं खाली दरीकडे बघत राहायचं. धूर दिसला किंवा इंजिनाची धाप ऐकू आली की 'कूऽऽक' करायचं. घाट चढताना इंजिनाचा जीव जायचा, ते इतकं फुसफुसायचं की गाडी नजरेला पडायच्या कितीतरी आधी आपल्याला कळायचं. वरून उतरणारी गाडीही शिट्ट्या मारत, धूर सोडत यायची. आपल्याला वाटायचं, आगगाडी म्हणजे अशी सांगून सवरून येणारी गोष्ट.

आत शिरलं की आधी गार लागायचं. मग काजळीचा वास. मग छतातून मानेवर टपकन पडणारा थेंब. मला प्रत्येक खेपेला वाटायचं, आपण आता ओरडणार. पण बाहेर तू उभी असायचीस, आणि तुझ्यासमोर ओरडण्यापेक्षा मेलेलं बरं. मी डहाळी कोनाड्यात जवळजवळ फेकायची आणि पळत सुटायची. तू मात्र आतून गाणी म्हणत यायचीस. तुला भीती वाटतच नाही अशी माझी खात्री होती, आणि त्याचा मला रागही यायचा.

मग घाटात लोखंडी खांब उभे राहिले, वर तारा ताणल्या. विजेवर गाडी चालणार म्हणून बोलणं सुरू झालं. तुझा बा भट्टीपुढं बसून हसला होता ते मला अजून दिसतं. "चूल न्हाई, पानी न्हाई, धूर न्हाई, आन् घाट चढनार? कुनीतरी थापा मारतंय." माझ्या आबांनाही ते पटलं होतं. पण चढलं की गं ते इंजिन. सगळं गाव बघायला गेलं होतं. बायकांनी त्याचं नाव ठेवलं 'बिनधुराची'. पोरं रडायला लागली की आया म्हणायच्या, "गप ऱ्हा, न्हाईतर बिनधुराची येईल."

आपण दोघीही बघायला गेलो होतो, टाळ्याही वाजवल्या होत्या. पण ज्या गोष्टीचा विचार करायला हवा होता तो कुणाच्याच डोक्यात आला नाही. आपल्या तर नाहीच.

ती दुपार. करवंदं सरत आलेली, पाटीत तळालाच काय ती होती. खालून गाडी चढून गेली ते आपण कडेला उभं राहून पाहिलं. मागून ढकलायला नवं इंजिन होतं. गाडी गेली, रूळ शांत झाले. तू म्हणालीस, "चल, आता लय येळ काय येत न्हाई." जांभळीची डहाळी मोडलीस आणि आत गेलीस. मी खालच्या तोंडाशी उभी राहून दरीकडे बघत राहिले. धूर नाही, काही नाही. घारी फिरत होत्या.

तुझी परत यायची वेळ झाली. तू येईनास. मी कूक केलं. उत्तर नाही. पुन्हा केलं, तर माझाच आवाज आत जाऊन परत आला. "खैरे, ए खैरे!" काही नाही. साप चावला असेल असं पहिल्यांदा मनात आलं. मग वाटलं, पडली असेल, डोकं फुटलं असेल. पाटी तिथंच टाकली आणि मी आत शिरले. एरवी डहाळी ठेवायला जाताना पाय मागे यायचे, त्या दिवशी मी रडत रडत, पण चालत गेले. भिंतीला हात लावून, तुझं नाव घेत. कोनाड्यापाशी पोचले आणि तू आतून उडी मारून माझ्या तोंडापुढे ओरडलीस, "भॉऽऽ!"

त्या 'भॉ'बद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. मी किंचाळले, तू हसत सुटलीस आणि तुझं हसू सगळ्या बोगद्यात भरलं. मी तुझ्या झिंज्या धरल्या. तू आणखी हसलीस. दोघी रुळाच्या कडेला झोंबत होतो, आणि मला माझ्या तोंडावर वारा लागला.

आत वारा कुठून येणार, असं मी बोलणार होते. तेवढ्यात मी वरच्या तोंडाकडे बघितलं. तिकडचा उजेड नेहमी लहानशा गोल चकतीसारखा दिसायचा. तो तिथं नव्हता. कुणीतरी तोंडावर झाकण घातल्यासारखा गेला होता. आवाज नाही, शिट्टी नाही. गाडी वर पोचवून इंजिन एकटंच परत उतरत होतं, घाटाच्या उतारानं नुसतं घरंगळत. जुनं असतं तर धूर सोडत आलं असतं. पायाखाली खडी थरथरायला लागली तेव्हा तुझं हसू थांबलं.

बोगद्यात दोन रूळ होते, पण ते कुठल्या रुळावरून येतंय ते अंधारात कळेना. माझे पाय गेले. खरंच गेले. मला पळता येईना, ओरडताही येईना. मग मनगटाला हिसका बसला आणि पाठ दगडावर आपटली. तू माझ्यासमोर, अंगाला अंग, तुझं कपाळ माझ्या दातांवर. आणि मग आवाज आला, इतका की तो कानानं ऐकू आला असं म्हणता येणार नाही, तो दगडातून पाठीत शिरला. काहीतरी तुझ्या पाठीला घासून गेलं. तू 'आई' म्हणालीस. मला ऐकू आलं नाही, तुझे ओठ माझ्या गळ्याला लागले होते म्हणून कळलं.

गेलं. उजेडाची चकती परत आली. आपण दोघी तशाच. तुझ्या हातात माझं मनगट, माझ्या हातात तुझं, आणि कुणालाच बोटं सोडवता येईनात. तशाच एकमेकींना धरून खालच्या तोंडापर्यंत आलो. पाटी होती तिथंच होती, करवंदं सांडली होती. तुझं पोलकं मागून फाटलं होतं आणि रक्त कमरेपर्यंत आलं होतं. मी दगडीपाला चुरून त्यावर दाबला. तू रडली नाहीस. मी इतकी रडले की तूच माझी पाठ थोपटायला लागलीस.

आणि मग मी तुला शपथ घातली. घरी कळलं तर मार बसेल ही भीती होतीच, पण खरं कारण ते नव्हतं. मला वाटत होतं, आपण हे बोललो की ते परत येईल. तेच, आवाज न करता, मागून. मी म्हणाले, "माझ्या गळ्याची शपथ. कुणाला सांगितलंस तर मी मरेन."

तू विचारलंस, "आन् तू सांगितलंस तर?"

"तरी मीच मरेन."

"ह्ये बरं हाय," तू म्हणालीस. पण गळ्याला हात लावून शपथ घेतलीस.

पुढच्या पावसाळ्यात आमचं रेडकू बिनधुराचीखाली सापडलं. आबा परत आले आणि त्यांनी दावं खुंटीला टांगलं. त्यानंतर मी रुळाच्या वाटेनं कधी गेले नाही. तू गेलीस. तू काळोखी मात्र पुन्हा खेळली नाहीस, तेवढं मला ठाऊक आहे.

मी शाळा शिकले, लोणावळ्यात बाई झाले. ज्या ज्या वर्गाला शिकवलं, त्या प्रत्येक वर्गाला पाढ्यांच्या आधी भीती शिकवली. रुळाकडे जायचं नाही. भुशीच्या पाण्याकडे जायचं नाही. कड्यावर वाकून बघायचं नाही. पोरं मागे माझ्या नकला करायची, मला माहीत होतं. करोत. एक तरी घरी परत येत असेल त्यामुळे. विश्वास, माझा मुलगा, त्याला तर मी झाडाच्या दुसऱ्या फांदीवर चढू दिलं नाही. तू इंदुरीत सून होऊन आलीस, तुझी मुलं नदीत पडून असायची, झाडांवरून उड्या मारायची, गुडघे फोडून घ्यायची. आणि तू दारात बसून त्यांना नावं ठेवायचीस, पण उठायची नाहीस.

तो उन्हाळा आठवतो? मला पुण्याला प्रशिक्षणाला जायचं होतं म्हणून विश्वासला तुझ्याकडे ठेवला. जाताना दहादा सांगितलं, नदीला नेऊ नकोस. परत आले ती थेट इथं आले, तर घरात कुणी नाही. डोहावरून ओरडा ऐकू येत होता. मी धावत गेले. माझा पोरगा पाठीला सुका भोपळा बांधून डोहाच्या मधोमध हात मारत होता, आणि तू काठावर पाण्यात पाय सोडून बसून त्याला शिव्या देत होतीस, "आरं पाय मार, मेल्या, पाय!"

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "बुडायला शिकवत न्हाई मी त्याला, यमे. पवायला शिकवतेय."

"माझ्या मुलाचं मी बघून घेईन."

"तू काय बघनार? तू त्याला निस्तं भ्या घालतीस. कशाचं भ्या त्ये सांगत न्हाईस. सांग की त्याला आपलं. त्यालाबी कळंल, माज्या पोरांनाबी कळंल."

"सांगितलं की जातील बघायला."

"आन् न सांगता जात न्हाईत? आपल्याला कुनी सांगितलं हुतं?" मग आवाज खाली आणून, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून, "सुटली म्हण."

मी विश्वासचा भोपळा सोडला आणि त्याला ओल्या अंगानं बसमध्ये बसवला. पुढचा सगळा पावसाळा तुझ्याशी बोलले नाही. तूच मग आश्विनात कुरमुऱ्यांची पिशवी घेऊन आलीस, काही झालंच नाही अशी. तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. काही वर्षांनी विश्वास मित्रांबरोबर सहलीला गेला असताना नाव उलटली. तो पोहत काठाला आला. एकाला ओढूनही आणलं त्यानं. मला ते त्याच्या मित्राकडून कळलं. मी देवघरात बसून तुझं नाव घेतलं होतं, खैरून, माझ्या देवांपुढे. तुला सांगितलं असतं तर तू जन्मभर मला सोडली नसतीस.

आपलं दुसरं भांडण मात्र गमतीचं होतं, निदान वरवर. कोनाड्यात कुणी कुणाला ओढलं? मी म्हणायची, तू. तू म्हणायचीस, "न्हाई गं, माजं डोकंच चाललं न्हाई. तू वढलंस. तू आदी शिरलीस म्हनून आत, मी मागनं आले म्हनून बाहीर." मी म्हणायची, माझे पाय गेले होते, मी कुणाला ओढणार? तू म्हणायचीस, "पाय गेलते, हात व्हते की." दोघी म्हाताऱ्या झालो, दात गेले, तरी कुणी माघार घेतली नाही. मला वाटायचं, तू मुद्दाम माझ्या पदरात घालते आहेस. उपकाराचं ओझं नको म्हणून. त्यात तुझा मोठेपणा दिसायचा आणि मला तो आवडायचा नाही.

गेल्या महिन्यात तुला भेटायला आले ती शेवटची. तू बोलत नव्हतीस. रशीदा म्हणाली, माणूस ओळखत नाही. बाज भिंतीला लावलेली होती, हीच. मी कडेला टेकले. तुझा हात हातात घेतला, तर तो वाळक्या काटकीसारखा. जरा वेळानं तुझी बोटं हलली आणि माझं मनगट धरलंस. मग ओढायला लागलीस. ताकद कुठली, पण ओढत होतीस, मला स्वतःच्या अंगावरून पलीकडे, भिंतीच्या बाजूला. आणि स्वतः इंचाइंचानं बाहेरच्या कडेकडे सरकत होतीस. रशीदा धावली, "मावशी, धरा, पडतील त्या." तिला वाटलं, तू उठायला बघते आहेस. मी बाजेवर चढले. ह्या वयात, लुगडं सावरत, तुझ्या आणि भिंतीच्या मधे जाऊन पडले. तेव्हा तू ओढायची थांबलीस.

मी तिथं पडल्या पडल्या थरथरत होते. तुझ्या आजाराला भ्यायले नव्हते, गं. माझ्या पाठीला भिंत लागली होती, समोर तू होतीस, आणि मला खडी थरथरल्यासारखी वाटत होती. तू डोळे मिटून दाराकडे पाठ करून पडली होतीस. मी म्हणणार होते, तूच ओढलं होतंस, कबूल कर आता. आणि 'सुटली'ही म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. पण सना चहा घेऊन आली, आणि तुझ्या कानात मी ते म्हटलं तर तू लगेच जाशील अशी एक वेडगळ भीती मनात आली. नाही म्हटलं. तू त्यानंतर तशीच गेलीस.

इथवर दुपारी लिहिलं होतं. मग सना आली आणि म्हणाली, "बाई आजी, चला, वेशीपातूर फिरून येऊ, बसून बसून पाय आखडतील." गेलो. तुमची ती दगडी भिंतींतली गल्ली, तिथं दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागतं. सना माझ्यापुढे उड्या मारत, मागे वळून बोलत चालली होती. बुरुजावर कसं चालायचं ते मला सांगत होती, खाली बघायचं नाही, समोर बघायचं. आणि वळणावरून वाळूचा ट्रक आला. उतारावर होता, ड्रायव्हरनं इंजिन बंद करून सोडला असावा, कारण मला काही ऐकू आलं नाही. मला फक्त दिसलं की गल्लीच्या तोंडाचा उजेड गेला.

पुढचं मला आठवत नाही, हे मी शपथेवर सांगते. ट्रक गेला तेव्हा सना भिंतीला लागलेली होती, तिचं मनगट माझ्या हातात होतं आणि तिच्यासमोर, बाहेरच्या बाजूला, मी होते. माझा पदर धुळीनं भरला होता. सना म्हणाली, "आजी, केवढ्यानं वढलंत तुमी! हात मोडला असता माजा."

मी म्हणाले, "मी नाही ओढलं."

आणि मग मला तिथंच भिंतीशी खाली बसावं लागलं.

खरं बोलत होतीस की गं तू. सगळं आयुष्य खरं बोललीस. तुला ठाऊकच नव्हतं. हातानं ते केलं आणि तुला विचारलंही नाही. मी मात्र तुझा मोठेपणा समजून चिडत राहिले.

सनाला वाटलं मला लागलं. ती पाणी आणायला निघाली तर मी तिचा हात सोडला नाही. म्हणाले, बस. दादीच्या पाठीवरचा डाग विचारत होतीस ना? आणि सांगितलं. कुडाच्या भिंतीपासून दगडीपाल्यापर्यंत. ती पोरगी एरवी एका जागी बसत नाही, पण हलली नाही. मी तुझ्या 'भॉ'पाशी आले तेव्हा हसली, अगदी तुझ्यासारखी. मग हसायची थांबली. शेवटी तिनं विचारलं, "मग बाहीर दादी व्हती?"

"हो."

"तिला भ्या न्हाई वाटलं?"

मी 'नाही' म्हणणार होते. तुला भीती वाटत नाही, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण कोनाड्यातलं तुझं काळीज मला आठवलं. माझ्या छातीवर आपटत होतं, माझ्यापेक्षा जोरात. ते मला तेव्हाही कळलं होतं, आणि मी ते कुणालाच, तुलाही, कधी सांगितलं नाही.

"लय वाटलं," मी म्हणाले. तुझ्या बोलीत आलं ते, कसं कोण जाणे.

सना बोटानं धुळीत रेघोट्या ओढत राहिली. मला वाटलं, आता ही बुरुजाचा नाद सोडणार. शेवटी जिंकले मी. तर ती उठली, परकर झटकला आणि म्हणाली, "उद्या मी वर चालनार तवा तुमी खाली उभ्या ऱ्हावा, आजी. काय दिसलं तर कूक करा."

ऐकलंस, खैरून? त्या दिवशी डोहावर तू म्हणालीस तसं झालं की मी म्हणाले तसं, मला अजून कळत नाही. उद्या सकाळी मी त्या बुरुजाखाली उभी असणार, वर बघत. मान दुखेल. मी तिला खाली उतर म्हणणार नाही, पण डोळे तिच्यावरून काढणारही नाही.

सांगून टाकलं मी. आणि बघ, मेले नाही.

सुटली, खैरून. सुटली.